निम्म्या भावाच्या फेव्हरिटवर सतत पैसे लावून काही सुटतं का?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

मंडळी, महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतींबद्दल एक हिशेब तपासून हवा आहे. टिप मागत नाहीये.

योजना अशी. दहा हजार रुपये बाजूला काढायचे. रेसच्या दिवशी फक्त बरोबरीच्या आतले फेव्हरिट (रेसमधले सगळ्यात कमी भावाचे घोडे) बघायचे, म्हणजे शंभराला शंभरपेक्षा कमी मिळणारे. त्यातही शंभराला पन्नासच्या (१/२) आसपासचे जास्त. प्रत्येकावर ठरलेले पाचशे, फक्त विन (घोडा पहिला आला तरच पैसे). तर्क एवढाच की असे घोडे दहात सहा-सात वेळा येतातच, मग थोडं थोडं का होईना, साठत जाईल.

शंका बऱ्याच आहेत. बुकीकडे लावायचे की टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून, कपात घेऊन जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे)? हरल्यावर पुढच्या फेव्हरिटवर रक्कम वाढवून भरून काढलं तर? तीन-चार फेव्हरिट एकत्र बांधले (सगळे आले तरच पैसे) तर भाव बरा होतो, ते कितपत शहाणपणाचं? जीएसटी वाढलाय म्हणतात, त्याने किती फरक पडतो? आणि खरा फेव्हरिट कुठला आणि नुसता हवेवर लागलेला कुठला, हे कार्डावरून (छापील रेसपत्रकावरून) किंवा पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) ओळखायची काही खूण असते का?

नेरूळ_सेक्टर_१९

आधी ‘दहात सहा-सात’ सोडवून घेऊ, कारण सगळी गोम सहा की सात यातच आहे.

१/२ ला शंभर लावले आणि घोडा आला तर हातात दीडशे. बरोबरीत सुटायला तीनात दोन यावे लागतात, म्हणजे ६६.७ टक्के. तुमच्या पाचशेच्या हिशेबाने शंभर पैजांत ६० आले तर ६० × २५० = १५,००० आले, ४० × ५०० = २०,००० गेले. पाच हजार खड्ड्यात. ७० आले तर १७,५०० आले, १५,००० गेले, अडीच हजार सुटले. अर्धं भांडवल बुडणं आणि पाव भांडवल वाढणं, दोन्ही तुमच्या ‘सहा-सात’मध्ये मावतं. कर यात अजून धरलेलाच नाही.

आता भाव कसा बनतो ते बघा. समजा सहा घोड्यांच्या रेसमध्ये बोर्डावर असे भाव आहेत: बरोबरी, ३/१ (शंभराला तीनशे), ५/१, ८/१, १०/१, २०/१. प्रत्येक भावाची टक्केवारी काढा (लावलेले भागिले परत मिळणारे): ५०, २५, १६.६७, ११.११, ९.०९, ४.७६. बेरीज ११६.६३. शंभराच्या वरचे हे साडेसोळा म्हणजे बुकीची गादी, त्याच्या नफ्याची जागा. ती सगळ्या घोड्यांवर सारखी पसरली असं मानलं तर बरोबरीच्या फेव्हरिटची खरी शक्यता ५० नसून ४३ च्या आत येते. बोर्डासमोर उभं राहून ही बेरीज करायला एक मिनिट लागतं. बहुतेक लोक ते एक मिनिटही देत नाहीत.

फेव्हरिटच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. गादी सारखी पसरलेली नसते. ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच दाखवलं होतं की लोक लांबच्या (मोठ्या भावाच्या) घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि जवळच्यांवर (आखूड भावाच्या) कमी. पुढे स्नोबर्ग आणि वुल्फर्स यांनी अमेरिकेतल्या १९९२ ते २००१ च्या शर्यतींचा प्रचंड डेटा तपासला. १००/१ च्या पुढच्या घोड्यांवर शंभरामागे ६१ रुपये जातात, डोळे झाकून कुठलाही घोडा घेतला तर २३ जातात आणि दर रेसला फेव्हरिट घेतला तर साडेपाच जातात. (रुपये आपले सोयीसाठी, तिकडे डॉलर.)

पामबीच_सिग्नल

म्हणजे फेव्हरिट घेणंच शहाणपणाचं, असंच झालं की. साडेपाच टक्के तर थोडं डोकं वापरून भरून काढता येतील. मेडन (अजून एकदाही न जिंकलेल्या घोड्यांची रेस) सोडा, पावसातली रेस सोडा, झालं फायद्यात.

नेरूळ_सेक्टर_१९

‘कमी बुडतो’ आणि ‘कमावतो’ यांत साडेपाच टक्क्यांची दरी आहे, आणि ती अमेरिकेतल्या टोटची आहे. हाँगकाँगच्या आकड्यांत हा कल जवळपास दिसतच नाही, तिथले अभ्यास १९८८ पासून आहेत. त्यामुळे ‘जगभर असंच असतं’ म्हणून महालक्ष्मीला तो आकडा चिकटवू नका. शिवाय ते साडेपाच सगळ्या फेव्हरिटचे आहेत. त्यात ३/१ चा फेव्हरिटही आला आणि १/५ चाही. सगळे फेव्हरिट धरले तर साधारण तीनात एक येतो. कोपरीकरांचा तीनात दोन हा आकडा फक्त फार आखूड भावाच्या गटाचा आहे. तिथे तो खराही असेल, पण भावाने तो आधीच वसूल केलेला असतो.

तीन_पेट्रोल_पंप (नौपाडा)

वरचं सगळं कर सोडून आहे. आता कर घालू, म्हणजे चर्चा बरीच आटोपेल.

घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजेला जीएसटी लागतो तो शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या कमिशनवर नाही, पैजेच्या पूर्ण रकमेवर. आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तिकीट घेताना एकच प्रश्न विचारा: दर्शनी रक्कम कर धरून की कर सोडून? कर वरून असेल तर शंभराच्या पैजेला १४० मोजायचे. कर आत असेल तर तुमच्या शंभरातले ७१ रुपये ४३ पैसेच घोड्यावर लागतात. गणित दोन्हीकडे एकच.

वरून धरून बघा. १/२ चा घोडा आला, परत मिळाले १५०, तुम्ही मोजले १४०. दहा रुपये सुटले. पडला तर १४० गेले. बरोबरीत राहायला शंभरात ९३.३ घोडे यायला हवेत. २८ टक्के होता तेव्हा हाच आकडा ८५.३ होता.

शंभराला चाळीस (२/५) ची गंमत तर बघण्यासारखी आहे. परत १४०, मोजले १४०. घोडा दहा लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी) जिंकला तरी तुमच्या हाती शून्य. त्याच्या खालच्या भावाला, १/३ ला म्हणा, घोडा जिंकला तरी तुम्ही सहा-सात रुपयांनी हरता. बरोबरीच्या भावाला ७० टक्के यायला हवेत, ४/५ ला जवळपास ७८. २/१ ला ४६.७.

इथे एक बारकावा आहे. कराचा गुणक सगळ्या भावांना सारखाच, १.४ पट. पण २/१ च्या घोड्याला ३३ वरून ४७ वर चढायला निदान जागा आहे. १/२ च्या घोड्याला ६७ वरून ९३ वर जायचंय आणि वर छत शंभराचं. कोपरीकरांच्या शंभर पैजांचा नुसता जीएसटी २०,००० होतो. भांडवल १०,०००.

बरं, जिंकलेले पैसे फिरवून पुढच्या रेसला लावले तर कर पुन्हा, प्रत्येक तिकिटावर नव्याने.

आयकर वेगळा. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. एका व्यवहारात दहा हजारांवर जिंकलात तर टीडीएस तिथेच कापला जातो. दहा हजारांच्या आत कापला नाही म्हणजे कर माफ झाला असा अर्थ नाही, विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवायचंच असतं. आणि हरलेल्या पैजा वजा करता येत नाहीत. समजा शंभरात ६७ आले. १६,७५० जिंकलात, १६,५०० हरलात, खिशात २५० जास्त. आयकर मात्र १६,७५० वर, म्हणजे ५,२२६.

पामबीच_सिग्नल

म्हणूनच लोक बाहेर लावतात. कर नाही, भाव पण बरा.

तीन_पेट्रोल_पंप (नौपाडा)

ते इथे सुचवू नका. परवाना नसलेल्या बुकीकडे क्लबबाहेर लावलेली पैज १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली, त्याने बाहेरचा बुकी कायदेशीर होत नाही. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांवर २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा आहेच. आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी ज्याच्याकडे तिकीट नाही, त्याच्याकडे मोठी रक्कम जिंकल्यावर दाद कुणाकडे मागणार?

वाशी_खाडीपूल

आकडेवाले बोलून झाले, आता घोड्याकडे या. कर कितीही असो, आखूड भाव कशामुळे झालाय हे कळलं पाहिजे. मोसम नोव्हेंबर ते एप्रिल इथे आणि पावसाळ्यात पुण्याला, त्यामुळे मुंबईच्या पहिल्या काही दिवसांत लोक पुण्याच्या फॉर्मवर भाव पाडतात. पुण्याच्या ओल्या मैदानावर चाललेला घोडा इथल्या कोरड्या, टणक मैदानावर तसाच चालेल याची खात्री नसते. कार्डासोबत पेनिट्रोमीटरचा (मैदान किती मऊ ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दिलेला असतो, तो वाचा.

भाव तीन कारणांनी आखडतो. एक, घोडा खरोखर वरच्या दर्जाचा आहे आणि अटी त्याच्या बाजूच्या आहेत. दोन, जॉकी आणि ट्रेनरचं नाव. तीन, कुठूनतरी पैसा आला आणि मागोमाग सगळ्यांनी लावला. पहिल्याचा फेव्हरिट टिकतो. दुसऱ्यात भाव नावाचा असतो, घोड्याचा नसतो. तिसऱ्यात तुम्ही रांगेत शेवटचे असता: ज्याने बरोबरीला घेतला त्याचं गणित वेगळं, तुमच्या हाती ४/१० आलेला असतो.

कार्ड वाचताना सगळ्यात आधी रेसची अट बघा. टर्म्स रेसमध्ये चांगला घोडा आणि सामान्य घोडा यांच्यातलं वजनाचं अंतर कमी ठेवलेलं असतं, तिथे दर्जा बोलतो. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, उद्देशच सगळ्यांना एका रेषेत आणायचा. आपल्याकडे रेटिंगचा (घोड्याच्या दर्जाला दिलेल्या गुणांचा) एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. घोडा मागच्या वेळी पाच लेंग्थने जिंकला म्हणून लोक तुटून पडतात, पण त्या विजयाचे हँडिकॅपरने (रेटिंग ठरवणाऱ्याने) आठ पॉइंट वाढवले असतील तर पाठीवर चार किलो जास्त आले. १६०० मीटरला ढोबळ हिशेब असा की एका लेंग्थला किलोभर वजन. म्हणजे पाचातले चार लेंग्थ टेबलावरच गेले. त्यातून वरच्या वर्गात चढला असेल तर समोरचेही बदलले. २० ते ४६ रेटिंगच्या वर्गात टॉपवेटजवळ (सगळ्यात जास्त वजनाजवळ) असलेला घोडा ४० ते ६६ मध्ये आला की खालून दुसरा-तिसरा. वजन हलकं होतं, पण सोबत धावणारे जड असतात.

दुसरी गफलत अप्रेंटिसची, म्हणजे शिकाऊ जॉकीची; त्याला वजनात सवलत मिळते. मागचा विजय अप्रेंटिसच्या सवलतीवर, हलक्या वजनावर झालेला असतो. आज वर नावाजलेला जॉकी दिसतो, लोक खूश होतात, भाव पडतो. सवलत मात्र गेली. जॉकी चांगला झाला हे खरं, पण किती किलोंच्या बदल्यात?

मग अंतर. १२०० मीटरला शेवटी जोरात येऊन जिंकलेला घोडा १६०० ला ‘आणखी बरा’ होईल हे लोकांचं आवडतं अनुमान. कधी खरं ठरतं. पण १२०० ला पुढचे तिघे आपापसात भांडून थकले म्हणून तो ताजा दिसला असेल तर १६०० च्या संथ रेसमध्ये तो तसा येत नाही. त्यामुळे आजच्या रेसमध्ये पुढे पळणारे किती, हे मोजा. कमी घोड्यांच्या रेसमध्ये एकटाच पुढे पळणारा आणि तोच फेव्हरिट, हा सगळ्यात भरवशाचा प्रकार. पुढे पळणारे तिघे असतील तर त्यांच्यातल्या फेव्हरिटला हात लावू नका. आणि मागून येणारा फेव्हरिट, सहा घोडे, पुढे न्यायला कुणी नाही, अशी रेस असेल तर शेवटच्या ६०० मीटरला सगळेच ताजे असतात. तो जोरात येतो आणि अर्ध्या लेंग्थने राहतो. दुसऱ्या दिवशी लोक जॉकीला शिव्या देतात.

छोट्या अंतरात गेट (घोडे सुटतात ते फाटक) बघा. १००० मीटरची रेस एका मिनिटाच्या आसपास संपते. गेटमधून निघताना तीनेक दशांश सेकंद गेले की दोन लेंग्थ गेले, आणि भरून काढायला वेळ नाही. गेटमध्ये शिरायला नाखूश घोडा, आत गेल्यावर मान वर करून हलणारा घोडा, यांना १००० मीटरला आखूड भावात कधीच घेऊ नये. फॉल्स रेल (तात्पुरतं सरकवलेलं कुंपण) लावली असेल तर आतल्या बाजूचं गवत ताजं असतं, ड्रॉचा (गेटमधल्या जागेचा) अर्थ त्या दिवसापुरता बदलतो. पहिल्या दोन रेसमध्ये घोडे कुठल्या बाजूने येतायत ते बघून मग ठरवा.

पॅडॉकमध्ये काय बघायचं? मागच्या दोन पायांच्या मधे पांढरा फेस, मानेवर लगाम घासतो तिथे साबणासारखा फेस, शेपूट सारखी हलतेय, सईसाला दोन्ही हातांनी धरावं लागतंय. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात नुसता घाम सगळ्यांनाच येतो, त्याला घाबरू नका. उलट सगळे घामाघूम आणि एकच घोडा ठणठणीत कोरडा, कातडी निस्तेज, असं असेल तर ते जास्त वाईट लक्षण. पहिल्यांदाच ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूच्या झापडा) लावलेत का, नालांच्या रकान्यात ॲल्युमिनियम आहे की स्टील आणि मागच्या वेळी काय होतं, तेही कार्डावर असतं. यातल्या एकेकट्या गोष्टीवर घोडा सोडायचा नसतो. दोन-तीन एकदम दिसल्या आणि भाव ४/१० असला की सोडायचा.

मेडनमध्ये पहिल्यांदाच पळणाऱ्याचा भाव पडलेला असेल तर तो ट्रॅकवर्क (सराव) आणि मॉक रेसवरून (सरावाच्या रेसवरून) पडलेला असतो. ६०० मीटर ३८ सेकंदांत, ‘सहज’. सहज म्हणजे किती, वर किती किलोचा स्वार, एकटा पळाला की सोबत, हे त्या ओळीत नसतं.

ऐरोली_नाका

वाशी, प्रतिसाद कापून ठेवण्यासारखा. टोट की बुकी, याचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो.

बुकीकडे तिकिटावर छापलेला भाव तुमचा. टोटवर भाव गेट उघडल्यावर ठरतो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत आलेला पैसा फेव्हरिटवरच जास्त येतो. बोर्डावर दहाला सोळा (टोटवर हे लावलेले दहा धरून) दिसत असताना तिकीट घेतलं आणि मिळाले तेरा, हे रोजचं आहे.

नुसतं समजण्यासाठी एक उदाहरण: विनच्या पूलमध्ये १० लाख, कपात २० टक्के धरू, वाटायला ८ लाख. फेव्हरिटवर ५ लाख असतील तर दहाला सोळा. साडेसहा लाख असतील तर दहाला १२ रुपये ३० पैसे. डिव्हिडंड (टोटवर जिंकलेल्या तिकिटाला मिळणारी रक्कम) पूर्ण रुपयात जाहीर होत असेल तर हाती १२ येतात. तीस पैसे काहीच नाहीत असं वाटतं, पण नफा मुळात दोन रुपये तीस पैसे होता, त्यातला आठवा हिस्सा कापला गेला. लांबचा घोडा १८४ रुपये ३० पैशांचा १८४ झाला तर कुणाला कळतही नाही. म्हणून आखूड भावाला टोट नको.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या सेक्रेटेरिएट या घोड्याचं. १९७३ ची बेलमाँट शर्यत तो ३१ लेंग्थने जिंकला आणि दोन डॉलरच्या तिकिटाला मिळाले दोन डॉलर वीस सेंट. विजेती ५,६१७ तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून ठेवली. त्याच वर्षी साराटोगाला तोच घोडा दहाला एकच्या (१/१०) भावात पळाला आणि ‘अनियन’ नावाच्या घोड्याकडून हरला.

पामबीच_सिग्नल

कांद्याने रडवलं म्हणायचं.

नेरूळ_सेक्टर_१९

हरल्यावर वाढवण्याबद्दल. बरोबरीच्या भावाला रक्कम दुप्पट करतात हे सगळ्यांना माहीत असतं, १/२ ला ती तिप्पट करावी लागते हे लक्षात येत नाही. प्रत्येक फेरीला मूळचे २५० सुटावेत म्हणून: ५००, मग १,५००, मग ४,५००, मग १३,५००. तीन पडल्यावर ६,५०० गेलेले असतात, हातात ३,५०० उरतात आणि चौथ्याला १३,५०० हवेत. म्हणजे तुमची योजना सलग तीन फेव्हरिट पडले की संपली. तीनात दोन येणारे घोडे आहेत असं मान्य केलं तरी शंभर पैजांत सलग तीन पडण्याचा प्रसंग किमान एकदा येण्याची शक्यता जवळपास दहात नऊ आहे.

एकत्र बांधण्याबद्दल. भाव वाढतो तसा तोटाही गुणाकाराने वाढतो. १/२ चा घोडा खरा ६५ टक्क्यांचा असेल तर एका पैजेत शंभराचे साडेसत्त्याण्णव होतात. पाच बांधले तर पाचही येण्याची शक्यता ११.६ टक्के, मिळणार ७.५९ पट, म्हणजे शंभराचे ८८. अडीच टक्क्यांची गळती बारा टक्क्यांवर गेली. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला २०१५ मध्ये पहिल्याच दिवशी ट्रेनर विली मुलिन्सचे तीन फेव्हरिट जिंकले, चौथी ॲनी पॉवर १/२ ला. हजारो लोकांनी चौघांना बांधलं होतं. शेवटच्या हर्डलला (उडी मारायच्या अडथळ्याला) ती पुढे होती आणि तिथेच पडली. जिंकली ती घोडीही मुलिन्सचीच, पण बांधलेल्यांना त्याचा काय उपयोग.

रक्कम किती लावायची यासाठी केलीचं सूत्र आहे, १९५६ चं. १/२ ला तुमच्या मते घोडा ७० टक्क्यांचा असेल तर ते भांडवलाच्या १० टक्के लावा म्हणतं. ६८ चा असेल तर ४ टक्के. ६६ चा असेल तर लावूच नका. आता प्रामाणिकपणे सांगा, पॅडॉकमध्ये उभं राहून ६६ आणि ७० मधला फरक कुणाला दिसतो? लांबच्या भावाला चार टक्क्यांची चूक खपून जाते, इथे अख्खा निर्णय उलटतो.

वाशी_खाडीपूल

मला विचाराल तर आखूड भावाचा फेव्हरिट घेण्यापेक्षा सोडण्यासाठी जास्त उपयोगी. तो कच्चा वाटला की बाकीच्यांचे भाव फुगलेले असतात.

नेरूळ_सेक्टर_१९

अर्धं बरोबर. फेव्हरिट १/२, म्हणजे ६६.७. बोर्डाची बेरीज ११६.७ असेल तर बाकीचे सगळे मिळून ५०. आता तुमच्या मते फेव्हरिट खरा ५० चाच आहे, तर बाकीच्यांची खरी शक्यताही ५०. म्हणजे इतका कच्चा फेव्हरिट शोधूनही बाकीचे फक्त रास्त भावात आले, स्वस्तात नाही. वर कर. बाकीच्यांतला एखादा बोर्डापेक्षा दीडपट चांगला आहे असं स्वतंत्रपणे सांगता आलं तरच पुढे जा.

ऐरोली_नाका

जॅकपॉटमध्ये (पाच रेसचे विजेते एकाच तिकिटावर ओळखायचे) मात्र हीच नजर कामाला येते. पाच रेस, एका रेसमध्ये खात्रीचा फेव्हरिट सिंगल धरला आणि बाकी ३, ३, २, ४ घेतले तर १ × ३ × ३ × २ × ४ = ७२ कॉम्बिनेशन. सिंगलच्या जागी दोन घेतले की लगेच १४४. खर्च आटोक्यात ठेवायला पक्का फेव्हरिट हवा. डिव्हिडंड मोठा यायला मात्र दुसऱ्या एखाद्या रेसचा कच्चा फेव्हरिट पडावा लागतो. सगळे फेव्हरिट आले तर बहात्तर तिकिटांचा खर्चही निघत नाही.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

सगळ्यांचे आभार. १/२ च्या आतले काढून टाकले. टोट बंद, रक्कम वाढवणं बंद, बांधणं बंद. हा मोसम पैसे न लावता वही करायची असं ठरवतोय. रकाने असे धरलेत: तारीख, रेस नंबर, अंतर, टर्म्स की हँडिकॅप, किती घोडे, भाव, निकाल, कर धरून नफा-तोटा. किती नोंदी झाल्या की काही म्हणता येईल? आणि दर रविवारी मैदानावर जायला हवं का? ठाण्याहून दादर, तिथून स्लो पकडून महालक्ष्मी, त्यात मेगाब्लॉक असला की पहिल्या दोन रेस तशाही जातात.

नेरूळ_सेक्टर_१९

शंभर नोंदींवर काही ठरवू नका. ६६ टक्क्यांच्या आसपास शंभर नोंदींची चूक साधारण पावणेपाच टक्के इकडे-तिकडे असते, म्हणजे ६२ चा घोडा आणि ७० चा घोडा वेगळे दिसतच नाहीत. चारशे झाल्या की ती अडीचच्या आत येते. आखूड भावाचे रोज दोनच मिळाले तर चारशेला दोनशे रेसचे दिवस लागतील, म्हणून पट्टा बरोबरीपासून २/१ पर्यंत मोठा करा आणि पट्ट्यांच्या बेरजा वेगळ्या ठेवा. बरोबरीच्या आतले एकीकडे, बाहेरचे एकीकडे. एकत्र केलीत तर फुकट.

वाशी_खाडीपूल

मैदानावर दर वेळी नको, पण ‘किती घोडे’ हा आकडा आदल्या रात्री छापलेला धरू नका, गेटमध्ये उभे राहिले तेवढे धरा. आयत्या वेळी दोन निघून गेले की रेस वेगळी होते. आणि ‘भाव’ असा एकच रकाना ठेवलात ती चूक. दोन करा: पहिला बोर्डावर लागलेला आणि गेट उघडताना उरलेला. बरोबरीपासून ४/१० वर आलेला आणि ३/१० पासून ४/१० वर गेलेला, हे दोन घोडे तुमच्या वहीत आत्ता सारखेच दिसतील.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

दोन रकाने केले. नाल आणि अप्रेंटिसचाही एकेक वाढवला. पान आता आडवं धरावं लागतंय.